चार वेळा तोच सूर

गावाचं नाव लिहितात स्लेथवेट, म्हणतात स्लॉइट.
आल्या आल्या मला ते आवडलं:
लिहिलेलं आणि ऐकू येणारं यात
एवढं अंतर चालतं म्हणायचं इथे.

कालव्याकाठच्या लोकरीच्या जुन्या गिरणीत, दुसऱ्या मजल्यावर
मी एक पायपेटी सांभाळते.
लाकूड नाही, भाता नाही. नऊ जीबी.

मंगळवारी मागण्या वाचायच्या.
डार्बीच्या गृहस्थांना पडदा काळा हवा, डोळे दुखतात.
ओहायोतल्या बाईंना अक्षरं मोठी.
कुणाला बावीस श्रुती हव्यात, आणि त्या कालच हव्या होत्या.
कुणी लिहितं, मागच्या अपडेटपासून तुमची पेटी
माझ्या लॅपटॉपचा पंखाच वाजवते, पेटी सोडून.
सगळ्यांना मी कळवते: नोंद घेतली आहे.
नोंदी चारशे अकरा,
मी एक, आणि चहा.

ऑक्टोबरात लीड्सहून इनिड मॅकॉलेचं आलं.
शाळेत सकाळच्या प्रार्थनेला वाजवते ती.
"एफ शार्प सलग पाच वेळा दाबला
की पाचवा हा पहिलाच असतो.
मला तो ओळखू येतो आता.
एक जास्तीचा द्या."

एफ शार्प म्हणजे आपली काळी तीन.
आणि बाईचं खरं होतं.
प्रत्येक सूर आम्ही चारदा घेतला होता, कान फसावा म्हणून,
कारण माणूस तीच पट्टी
दोनदा सारखी दाबूच शकत नाही.
चारच्या पुढे ऐकत बसणारं कुणी भेटेल
हे हिशेबात नव्हतं.

वाजवलं होतं विल्फ आर्मिटेज यांनी,
चॅपल विकलं जायच्या आधीच्या आठवड्यात.
मार्च. हीटर गुणगुणायचा, म्हणून मी तो बंद केलेला.
ते कोट-मफलरात, मी हेडफोनात.
एकसष्ट पट्ट्या, चार वेळा,
भात्यावर हलका पाय, मध्यम पाय, भरपूर पाय.
सातशे बत्तीस सूर.
सातशेच्या आसपास म्हणाले,
"यात भजन कधी येणार, पोरी?"

चॅपलचे आता सहा फ्लॅट झालेत.
पायपेटी कोणी नेली, माहीत नाही.
विल्फ गेल्या वर्षी गेले.
पाचवा कुठून आणू?

जुना घ्यायचा, केसभर उतरवायचा,
दोन टोकं घासायची, की झाला नवा.
सगळे करतात. मीही केला.
पावडरच्या दुधाचा चहा लागतो, तसा लागला.

मग कपाटात, मोज्यांच्या खाली, जुनी डिस्क.
तिच्यात 'टाकाऊ' नावाचा फोल्डर.
त्यात काळी तीन, मध्यम पाय, एक जादाची:
सूर उभा राहतो, नीट,
आणि सुटता सुटता खुर्ची करकरते,
कुणीतरी बोलण्याआधी घेतात तसा श्वास.
पुढचा शब्द मी तेव्हाच कापला होता.
काय होता, आठवत नाही.
खूप प्रयत्न केला. नाही.

आवृत्ती ४.३.
काळी तीनला पाचवी फेरी जोडली.
इतर किरकोळ दुरुस्त्या.

आठवड्यात तीन तक्रारी: एफ शार्पमध्ये करकर येते, काढा.
तिन्हींपुढे मी लिहिलं, काढली जाणार नाही.
कारणाचा रकाना असतो. तो रिकामा ठेवला.

इनिडने आभार मानले नाहीत.
एवढंच विचारलं,
"त्यांना थंडी वाजत होती का?"

हो, मी कळवलं. हीटर मीच बंद केला होता.

डार्बीचा काळा पडदा
अजून राहिलाच आहे.